नाणं गिळलेल्या मुलाला उलटं टांगू नका

डिचोलीहून एका आईने विचारलं आहे: "माझ्या अडीच वर्षांच्या मुलाने गेल्या आठवड्यात देव्हाऱ्यातलं एक रुपयाचं नाणं गिळलं. सासूबाईंनी त्याला पाय धरून उलटा केला आणि पाठीत थापट्या मारल्या. शेजारच्या काकींनी घशात बोट घालून पाहिलं. नाणं आलं नाही, पण तोंडातून रक्त आलं. मग दोन केळी भरवली. रात्री डॉक्टरांकडे नेलं तेव्हा एक्स-रेमध्ये नाणं पोटात दिसलं, आणि चौथ्या दिवशी ते शीतून पडलं. आता घरात वाद चालू आहे. सासूबाई म्हणतात, केळ्यामुळेच नाणं उतरलं. पुन्हा असं झालं तर नेमकं काय करायचं?"

मुलगा सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं. मी गोव्यात कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. मुलांच्या घशातून, अन्ननलिकेतून आणि श्वासनलिकेतून वस्तू काढण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली आहेत. म्हणून आधी वादाचा निकाल सांगून टाकतो. नाणं केळ्यामुळे उतरलं नाही, ते उतरणारच होतं.

मुलं ज्या वस्तू गिळतात त्यांतल्या साधारण ८० ते ९० टक्के आपोआप शीवाटे बाहेर पडतात. १० ते २० टक्के मुलांमध्ये वस्तू दुर्बिणीने काढावी लागते आणि पोट उघडण्याची वेळ शंभरात एकावरही येत नाही. घरगुती उपाय पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतात ते याच हिशोबामुळे. दहातल्या आठ-नऊ वेळा काहीही केलं तरी नाणं पडणारच असतं, आणि मग जे काही केलं असेल त्याला श्रेय मिळतं. कुणी केळ्याला देतं, कुणी एरंडेलाला, कुणी नवसाला. नुकसान होतं ते उरलेल्या एक-दोन मुलांचं. त्यांच्या घरची माणसं त्याबद्दल चारचौघांत बोलत नाहीत, त्यामुळे त्या उपायाची बदनामीही होत नाही. माझ्या टेबलावर येतात ती हीच एक-दोन मुलं. कित्येकदा मला त्या वस्तूपेक्षा घरी झालेल्या उपचाराचं निस्तरत बसावं लागतं.

सगळ्यात आधी ठरवायचं असतं ते एवढंच, की वस्तू श्वासाच्या वाटेत आहे की अन्नाच्या. दोन्ही वाटा घशात एकाच ठिकाणी सुरू होतात, श्वासनलिका पुढे आणि अन्ननलिका मागे. अन्नाच्या वाटेत गेली तर मूल दचकतं, एखादा उमासा येतो, लाळ गळते, जेवायला नको म्हणतं, छातीकडे बोट दाखवतं. किंवा काहीच होत नाही आणि ते खेळत राहतं. श्वासाच्या वाटेत गेली तर जोराचा ठसका लागतो, आवाज घोगरा होतो, श्वास आत घेताना घर्र असा आवाज येतो. वाट पूर्ण बंद झाली तर खोकलाही येत नाही आणि रडणंही फुटत नाही. तोंड उघडं, डोळे विस्फारलेले आणि ओठ निळे पडत जातात. हे ओळखायला पाच-दहा सेकंद पुरतात. ती सेकंदं मुलाच्या तोंडात हात न घालता नुसतं त्याच्याकडे बघण्यात घालवायची. घरात आरडाओरडा सुरू असताना हे फार कठीण जातं, याची मला जाणीव आहे.

मूल खोकतंय, रडतंय, आवाज निघतोय, तर त्याला खोकू द्या. खोकल्याने फुप्फुसातली हवा ज्या जोराने बाहेर फेकली जाते, तेवढा जोर आपल्या कुठल्याही थापटीत नसतो. त्याला किंचित पुढे झुकवून बसवा, जवळ राहा आणि पाणी पाजू नका. पाठीवर मारूही नका. धडपणे खोकणाऱ्या मुलाच्या पाठीत धपाटे घातले तर अर्धवट अडकलेली वस्तू जागा सोडून आणखी वाईट जागी जाऊन बसू शकते.

आता त्या बोटाबद्दल. वस्तू समोर, जिभेवर स्पष्ट दिसत असेल आणि चिमटीत धरता येत असेल तर काढा. दिसत नसेल तर बोट घालू नका. लहान मुलाचा घसा आपल्या बोटाच्या मानाने फारच अरुंद असतो. जिभेच्या मुळाशी अडकलेली वस्तू बोटाला लागते ती बहुधा तिच्या पुढच्या टोकाला, आणि बोट तिला खाली ढकलतं. खाली स्वरयंत्राचं तोंड असतं. जी वस्तू थोडी अडत होती ती मग बूच लागल्यासारखी बसते. शिवाय मूल त्या वेळी जिवाच्या आकांताने ओकतं, आणि ओकलेलं श्वासनलिकेत जायला वेळ लागत नाही.

तुमच्या मुलाच्या तोंडातून जे रक्त आलं ते नाण्याचं नव्हतं. नाण्याची कड बोथट असते. अशी मुलं मी तपासतो तेव्हा टाळूच्या मऊ भागावर किंवा घशाच्या मागच्या भिंतीवर नखाचा लांबट ओरखडा दिसतो. कधी पडजिभेच्या बाजूला रक्ताची गाठ, कधी सूज. लाळेत रक्ताची तार असते. आणि मग आमची पंचाईत होते. हे रक्त नखामुळे आलं की आत एखादी टाचणी रुतली आहे म्हणून आलं, हे बाहेरून सांगता येत नाही. नुसत्या एक्स-रेवर ज्या मुलाला घरी पाठवता आलं असतं, त्याला भूल देऊन आत दुर्बीण घालावी लागते. सूज जास्त असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही श्वासाची नळी घालणं अवघड जातं.

पाय धरून उलटं टांगण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे खरा उपचार आणि चुकीचा उपचार लांबून सारखेच दिसतात. मूल गुदमरत नसताना, म्हणजे नाणं अन्ननलिकेत किंवा पोटात असताना, टांगून काहीच साधत नाही. झालंच तर नाणं वर घशात येतं आणि तिथून श्वासाच्या वाटेवर पडतं. मूल हिसडे देतं, हातातून निसटतं, डोकं आपटतं. पोटातलं अन्न तोंडात येतं आणि मूल उलटं असताना तेच श्वासात ओढलं जातं.

खरोखर श्वास कोंडला असेल, म्हणजे खोकला नाही, आवाज नाही, ओठ निळे, तर पद्धत ही. एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला आपल्या हातावर पालथं घ्या आणि तो हात मांडीवर टेकवा. बाळाचा जबडा आपल्या बोटांच्या आधाराने धरा, गळा दाबू नका. डोकं छातीपेक्षा थोडं खाली असू द्या. दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाकडच्या कडक भागाने पाच ठोके द्या. मग बाळाला उताणं करा आणि छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, तशाच तळहाताने पाच वेळा दाबा. वस्तू बाहेर येईपर्यंत किंवा बाळ रडेपर्यंत हे पाच-पाच आळीपाळीने करत राहा. बाळाचं पोट दाबू नका. त्या वयात यकृत बरगड्यांच्या खाली उतरलेलं असतं आणि त्याला इजा होते.

एक वर्षाच्या वरचं मूल असेल तर त्याच्या मागे गुडघ्यांवर बसा. त्याला कमरेतून पुढे वाकवून पाठीवर पाच ठोके द्या. तेवढ्याने मोकळं झालं नाही तर मागून मिठी घालून, बेंबी आणि छातीचं हाड यांच्या मध्ये मूठ ठेवून, आत आणि वर असे पाच झटके द्या. ही पोटाच्या झटक्यांची रीत हेन्री हाइमलिक या अमेरिकन शल्यविशारदाने १९७४ मध्ये मांडली आणि त्यानंतर तिने जगभर असंख्य जीव वाचवले. पण ती फक्त कोंडलेल्या श्वासासाठी आहे. नाणं गिळून शांत बसलेल्या मुलावर ती वापरायची नाही. आणि वस्तू निघाली, मूल हसायला लागलं, तरी पोटाला झटके दिलेल्या मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मूल बेशुद्ध पडलं तर कडक जमिनीवर उताणं ठेवा, कुणाला तरी १०८ लावायला सांगा, आणि छाती दाबायला सुरुवात करा. ३० वेळा छाती दाबायची, तोंड उघडून बघायचं, वस्तू दिसली तरच काढायची, दोन श्वास द्यायचे, की पुन्हा छाती. हे वाचून शिकता येत नाही. बाहुलीवर एकदा कुणाकडून तरी करून घ्या. घरात तान्हं बाळ असेल तर आजी-आजोबांनाही सोबत न्या, कारण दिवसभर बाळ बहुतेक त्यांच्याकडेच असतं.

आता केळं. आमच्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या पोटात काहीतरी भरवलेलं असतं. "कांय जायना, ताका केळें दी" हे वाक्य मी पेडण्यापासून काणकोणापर्यंत ऐकलं आहे. अडकलेलं नाणं साधारण अन्ननलिकेच्या सुरुवातीच्या अरुंद जागी, गळपट्टीच्या हाडांच्या पातळीवर बसतं. तिथे स्नायूंचा घट्ट वेढा असतो. वरून केळं किंवा भाताचा गोळा ढकलला तर तो नाण्यावर साचतो, लाळ तुंबते, आणि मूल ते श्वासात ओढतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अडकलेलं नाणं काढायला पूर्ण भूल लागते आणि भुलीसाठी पोट रिकामं हवं. घट्ट खाल्लेलं असेल तर सहा ते आठ तास थांबावं लागतं, आणि तातडी असेल तर धोका पत्करून करावं लागतं. दोन केळ्यांनी तुम्ही मुलाचा अख्खा दिवस आणि आमची सुरक्षितता घालवता. म्हणून, काहीही गिळलं असं वाटलं की डॉक्टर सांगेपर्यंत तोंडाने काही नाही. पाण्याचा घोटही नाही.

माशाच्या काट्याचंही तेच. गोव्यातल्या घरात हा प्रश्न नाण्यापेक्षा जास्त वेळा येतो, बांगडा, तारले, पेडवे खाताना. सुक्या भाताचा गोळा न चावता गिळायचा हा सल्ला आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेला असतो. मुलांमध्ये काटा बहुतेक वेळा टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी टोचलेला असतो. तोंड उघडून चांगल्या उजेडात बघितलं तर आम्हाला तो दिसतो आणि चिमट्याने अर्ध्या मिनिटात निघतो. भाताच्या गोळ्याने तोच काटा आडवा होऊन अन्ननलिकेच्या भिंतीत शिरतो. मग दोन-चार दिवसांनी ताप, मान वळवताना दुखणं, गिळताना कळ. आत पू झालेला असतो. अर्ध्या मिनिटाच्या कामाचं मोठं ऑपरेशन होतं.

मीठ-पाणी पाजून ओकवू नका. जास्त मिठाने मुलाच्या रक्तातलं सोडियम चढतं, झटके येतात, त्यात मुलं दगावली आहेत. उलटीत टोकदार वस्तू वर येताना पुन्हा कापत येते. रॉकेल, फिनेल, ॲसिड यांच्या बाबतीत तर उलटी म्हणजे दुसऱ्यांदा भाजणं किंवा फुप्फुसात विष. हंगामात मुलं कच्ची काजूबी सालासकट चावतात, त्या सालातलं तेल ओठ-जीभ भाजतं. तिथेही तोंड पाण्याने धुवायचं, ओकवायचं नाही. जुलाबाचं औषध आणि एरंडेल यांचाही उपयोग नाही.

इथवर मी घाई करू नका, हात आवरा असंच सांगत आलो. पण एका वस्तूच्या बाबतीत उलट सांगतो: धावा. ती म्हणजे बटण बॅटरी, चपटी, गोल, चकचकीत. रिमोटमध्ये, वजनकाट्यात, गाडीच्या चावीत, नाताळच्या एलईडी पणत्यांत, चतुर्थीच्या मखराच्या दिव्यांत, जत्रेत मिळणाऱ्या लुकलुकणाऱ्या खेळण्यांत ती असते. सगळ्यात धोकादायक ती सीआर २०३२. या आकड्यातले २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. एक रुपयाचं २०१९ पासूनचं नाणंही २० मिलिमीटरचंच आहे. म्हणून "नाणं गिळलं" असं सांगत आलेल्या मुलाच्या एक्स-रेत आम्ही पहिल्यांदा कडा बघतो. नाण्याची कड एकच असते. बॅटरीच्या सावलीला आत आणखी एक वर्तुळ दिसतं, आणि बाजूने घेतलेल्या चित्रात एक पायरी दिसते. ते दिसलं की आम्ही ऑपरेशन थिएटरला फोन करतो, पोट भरलेलं असो वा नसो.

बॅटरी फुटून ॲसिड बाहेर येतं असा समज आहे. तसं होत नाही. अन्ननलिकेच्या ओल्या भिंतीला दोन्ही बाजू टेकल्या की त्या ओलाव्यातून वीज वाहू लागते आणि ऋण बाजूला तीव्र क्षार तयार होतो. कॉस्टिक सोड्यासारखा तो मांस विरघळवतो. १५ मिनिटांत जखम सुरू होते आणि दोन तासांत ती गंभीर भाजणूक झालेली असते. रिमोट चालेना म्हणून काढून टाकलेल्या बॅटरीतही एवढं करायला पुरेशी वीज उरलेली असते. आणि काढल्यावरही संपत नाही. जखम पुढे पोखरत जाऊन श्वासनलिकेला किंवा महाधमनीला भोक पडू शकतं. मूल बरं होऊन घरी गेलेलं असतं आणि काही दिवसांनी रक्ताची उलटी होते. अशा वेळी "उद्या सकाळपर्यंत बघू, शीतून पडेल" असं म्हणून वाट पाहणं सर्वांत महाग पडतं.

तोंडाने काही देऊ नका या नियमाला इथे एक अपवाद आहे. मूल एक वर्षाच्या वरचं असेल, बॅटरी गिळून १२ तासांहून कमी वेळ झाला असेल आणि मुलाला गिळता येत असेल, तर हॉस्पिटलच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे, म्हणजे साधारण १० मिलिलिटर मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. २०१८ मध्ये अमेरिकेत डुकरांच्या पिल्लांवर झालेल्या प्रयोगात मधाने ही भाजणूक कमी खोल होते असं दिसलं, आणि त्यानंतर तिथल्या विषबाधा केंद्राने हा सल्ला स्वीकारला. मधाने उपचार होत नाही, फक्त थोडा वेळ मिळतो. मध घरात नसेल तर आणायला दुकानात जाऊ नका, सरळ निघा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीही नाही, त्याने बॉट्युलिझम, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणारा गंभीर आजार, होऊ शकतो.

दोन किंवा जास्त लोहचुंबक गिळले असतील तरीही त्याच दिवशी धावायचं. आतड्याच्या दोन वेढ्यांतून ते एकमेकांना चिकटतात आणि मधली भिंत कुजून भोक पडतं. पाण्यात फुगणारे रंगीत जेलचे मणी पोटात गेल्यावरही फुगतात, आतडं बंद करतात आणि एक्स-रेत दिसत नाहीत. त्यामुळे त्यांचं पाकीट सोबत आणा.

कुठे न्यायचं हेही सांगतो. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळात एक्स-रे होतो, आणि लहान मुलाला भूल देऊन वस्तू काढायची वेळ आली तर बांबोळीला, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) यावं लागतं. सत्तरी, सांगे, काणकोण भागातून यायला वेळ लागतो. म्हणून बॅटरी किंवा चुंबकाचा संशय असेल तर ओळखीच्या दवाखान्यांत वेळ न घालवता १०८ ला फोन करा आणि नेमकं काय गिळलं ते त्यांना सांगा. तसंच दुसरं नाणं, तशीच दुसरी बॅटरी, ते खेळणं सोबत घ्या. किती वाजता गिळलं आणि शेवटचं काय, कधी खाल्लं, हे कागदावर लिहून घ्या. गडबडीत कुणालाच आठवत नाही. आणि मुलाला मारू, ओरडू नका. मार बसेल या भीतीने चार-पाच वर्षांची मुलं "काही नाही गिळलं" असं सांगतात आणि आमचे तास वाया जातात.

तुमच्या मुलासारखं नाणं पोटात उतरलेलं असेल तर मात्र निवांत राहायला हरकत नाही. नेहमीचं जेवण द्या. बहुतेक वेळा ते आठवड्याभरात पडतं, कधी तीन-चार आठवडेही लागतात. पोट दुखलं, फुगलं, उलट्या झाल्या, शी काळी किंवा रक्ताची झाली, ताप आला, तर लगेच या. नाहीतर डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा एक्स-रे.

शेवटी शेंगदाणा आणि चणा, कारण त्यात फसगत फार होते. चार वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा शेंगदाणा, चणा, काजू देऊ नये. मागच्या दाढा पुऱ्या आलेल्या नसतात, दाणा चावला जात नाही आणि हसता-पळताना श्वासात जातो. ठसका लागतो, मूल लालबुंद होतं, दोन मिनिटांत खोकला थांबतो आणि सगळे म्हणतात, गेलं पोटात. तो थांबतो कारण दाणा श्वासनलिकेच्या एका फांदीत जाऊन बसलेला असतो. दाणा एक्स-रेत दिसत नाही, आणि सुरुवातीला एक्स-रे अगदी स्वच्छही असू शकतो. मग दाणा फुगतो, भोवती सूज येते, आणि मूल आठवडेच्या आठवडे "दमा", "छातीत कफ" म्हणून औषधं आणि वाफ घेत राहतं. स्टेथोस्कोप लावला तर एका बाजूला हवा कमी आणि शिट्टीसारखा आवाज. अशा मुलाला दुर्बिणीने तपासायचं की नाही, हे आम्ही मुख्यतः एकाच गोष्टीवरून ठरवतो: त्या दिवशी अचानक ठसका लागला होता का. खोकला आठवड्याच्या वर रेंगाळला असेल आणि त्याआधी खाताना असा ठसका लागलेला असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना ते तुम्ही आपण होऊन सांगा.